पादचाऱ्यांचे पथ्य

मधुमेह अथवा रक्तदाब जडलेल्या वडीलधाऱ्या मनुष्यास वैद्य आणि डॉक्टर, दोघेही हटकून एक पथ्य सांगतात : रोज चालत जा. हा उपदेश निराधार नव्हे. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करीत तिकिटे देणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी होतो, असे तीत आढळून आले. आजही जागतिक आरोग्य संघटना प्रौढ मनुष्यास आठवड्यातून निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोजचे वीसबावीस मिनिटांचे भरभर चालणे. इतका वेळ कोणत्याही घरात निघू शकेल. अडते ते उंबरठ्याबाहेर.

सधन देशांत चालणे हा पुष्कळांचा छंद असतो. गरीब देशांत तोच बहुतेकांचा प्रवास असतो. बाजारास, कामास, शाळेस लोक पायीच जातात, आणि रस्ता मात्र मोटारीत बसणाऱ्या थोड्यांच्या सोयीने बांधलेला असतो. २०२१ साली जगात सुमारे ११ लक्ष ९० हजार माणसे रस्त्यांवर दगावली. दहांतील नऊ मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते, आणि मृतांपैकी शेकडा २३ पादचारी होते. यास दैवगती म्हणून सोडून देणे आम्हांस मान्य नाही. वाहनांचा सरासरी वेग शेकडा एकने वाढला की प्राणघातक अपघाताचा संभव सुमारे शेकडा चारने वाढतो, असा हिशेब आहे. आणि वेग ठरविणे माणसाच्या हाती आहे.

किगालीचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. ही रुवांडाची राजधानी. देश लहान, डोंगराळ, उत्पन्नाने गरीब आणि १९९४ च्या नरसंहाराने होरपळलेला. या शहराने २०१५ साली व्यापारी वस्तीतील एक रस्ता मोटारींस बंद केला. पुढे २०१६ पासून ठरलेल्या रविवारी सकाळी काही मोठे रस्ते चालणाऱ्या-धावणाऱ्यांसाठी मोकळे ठेवण्याचा क्रम सुरू झाला. आरंभी महिन्यातून एकदा, नंतर दोनदा. लोक जमतात तेथेच रक्तदाब व रक्तातील साखर यांची विनामूल्य तपासणीही होते. आम्हांस यातील खरे चातुर्य या तपासणीत दिसते. रक्तदाब हा मुका रोग. तो दुखत नाही, म्हणून मनुष्य दवाखान्याची पायरी चढत नाही. येथे दवाखानाच त्याच्या वाटेत येऊन बसतो.

तथापि रविवारची सकाळ म्हणजे आठवडा नव्हे. मजूर बाई सोमवारी डोक्यावर ओझे घेऊन निघते, तेव्हा तिला सणाचा नव्हे, नित्याचा रस्ता लागतो. आपल्या पुण्यातही महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. तो स्तुत्यच होता. पण वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आहेत.

पदपथ कसा असावा, हे कोणास ठाऊक नाही असेही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे चालावयास निदान १.८ मीटर निर्वेध रुंदी हवी आणि उंची १५० मिलिमीटरांहून, म्हणजे सुमारे सहा इंचांहून, अधिक नको. गुडघे दुखणाऱ्या आजींस हाच सहा इंचांचा प्रश्न निर्णायक असतो. पायरी उंच झाली की त्या पदपथ सोडून कडेकडेने, मोटारींच्या धक्क्यात चालतात. पुढे एक दिवस चालणेच सोडतात. मग साखर वाढते आणि घरात पथ्यपाण्याचा दोष त्यांच्या गोड खाण्यास लागतो!

यात महापालिकेचाच दोष आहे, असेही म्हणवत नाही. एका घरात चारपाच दुचाक्या झाल्या, वाड्याची इमारत झाली, आणि पाहुण्याची मोटार पदपथावर चढविणे कोणास वावगे वाटेनासे झाले. फेरीवाल्यावर मात्र आपण लगेच चिडतो.

तेव्हा वाचकांस आमची एक विनंती आहे. घरातील वृद्ध मनुष्यास ज्या वेळी देवळात किंवा भाजीस जावयाचे असते, नेमके त्याच वेळी त्यांच्याबरोबर जावे. वाटेत कितीदा पदपथ सोडून रस्त्यावर उतरावे लागले आणि कशामुळे, हे जागेसह टिपून घ्यावे. आपल्याच गाड्यांमुळे जेथे उतरावे लागले असेल, त्या गाड्या त्याच संध्याकाळी हलवाव्यात आणि उरलेली यादी सहीनिशी क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी.