जानुबस्ती झाली, पुढे काय?

गुडघेदुखीचा रुग्ण हा आम्हा वैद्यांच्या चिकित्सालयाचा मोठा आधार आहे, हे मान्य करण्यास संकोच नसावा. उडदाच्या पिठाची पाळी, कोमट महानारायण तेल, नंतर निर्गुंडीचा स्वेद, जोडीला योगराज गुग्गुळ आणि रास्नासप्तक काढा. सात दिवसांत रुग्णाच्या चेहऱ्यावर समाधान दिसते आणि आमच्याही. प्रश्न आठव्या दिवसाचा आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे उपचारांस येत असत. वय अठ्ठावन्न, शरीर स्थूल, दोन्ही गुडघ्यांत संधिगतवात. तीन वर्षांत तीनदा जानुबस्ती झाली. प्रत्येक वेळी वेदना शमली आणि दोन-अडीच महिन्यांत परतली. आम्ही प्रत्येक वेळी औषध बदलले आणि सल्ला मात्र तोच दिला: जिने चढू नका, खाली बसू नका, विश्रांती घ्या. चौथ्या खेपेस त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या तेलानं बरं वाटतं हो, पण खुर्चीतून उठायला आता सुनेचा हात लागतो." त्या दिवशी आम्ही प्रथमच टेप घेऊन त्यांच्या मांड्यांचा घेर मोजला. अधिक दुखणाऱ्या उजव्या बाजूची मांडी डावीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक होती. तीन वर्षे आम्ही सांध्याकडे पाहत होतो. सांधा सांभाळणाऱ्या मांसधातूचा क्षय आमच्या डोळ्यांसमोर होत होता, आणि आमचा विश्रांतीचा सल्ला त्यास हातभार लावत होता.

याची यंत्रणा अवघड नाही. गुडघा दुखतो म्हणून माणूस त्यावर भार देणे टाळतो. मांडीच्या पुढील भागाचे स्नायू दुर्बल होतात. चालताना बसणारा धक्का हे स्नायू झेलेनासे होतात. तो सांध्यावर पडतो, आणि वेदना वाढते. तेलाने या चक्रातील वेदनेचा दुवा काही काळ सैल होतो. स्नायूचा दुवा तेलाने सुधारत नाही. म्हणूनच गुडघ्याच्या संधिवातासंबंधी 2019 व 2022 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत व्यायामास मूळ उपचाराचे स्थान आहे. डेन्मार्कमध्ये 2013 पासून रुग्णांना सहा आठवड्यांत बारा वेळा देखरेखीखाली व्यायाम करवून घेण्याचा उपक्रम चालतो. वजनाचेही तसेच. शरीराचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

येथे आमचे काही ज्येष्ठ वैद्यबंधू आक्षेप घेतात, आणि तो आक्षेप पोकळ नाही. अष्टांगहृदयाने वातपित्ताच्या रोग्यास, वृद्धास आणि अजीर्ण असलेल्यास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. अतिव्यायाम तर वातप्रकोपाच्या हेतूंत मोडतो. मग वातव्याधीत व्यायाम कसा द्यावा? आमच्या मते उत्तर व्याख्येत आहे. सुश्रुताने ज्यास व्यायाम म्हटले ते शरीरास आयास उत्पन्न करणारे कर्म. त्याची मर्यादाही श्वास तोंडावाटे येऊ लागेपर्यंतची, म्हणजे अर्ध्या बळाची. पलंगावर पडून गुडघ्याखालील टॉवेल पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरणाऱ्या आजीबाईंचा श्वास तोंडावाटे येत नाही. ही स्थैर्य व बल देणारी, मात्रेने करावयाची चेष्टा आहे, आणि चरकाने व्यायामाचे वर्णन करताना याच गुणांचा उल्लेख केला आहे. निषेध आयासाचा आहे, हालचालीचा नव्हे.

किंबहुना चरकानेच स्वेदाध्यायात दृष्टान्त दिला आहे की, स्नेहन-स्वेदनाने शुष्क काष्ठही वाकवता येते. आपण काष्ठ मऊ करतो आणि न वाकवताच रुग्णास घरी धाडतो! स्वेदनानंतरचा अर्धा तास, जेव्हा सांध्याचा ताठरपणा सर्वांत कमी असतो, तोच हालचाल शिकविण्याचा काळ. तो आपण शुल्क घेण्यात घालवतो.

म्हणून आम्ही त्या बाईंना शेजारच्या शहरातील भौतिकोपचारतज्ज्ञ भगिनीकडे पाठविले. त्यांनी सुरुवातीस तीनच गोष्टी दिल्या: वर सांगितलेला टॉवेलचा व्यायाम, खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणे, आणि उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठणे. पुढे उशी काढली. नियम एकच: व्यायामाने थोडे दुखले तरी चालेल, पण वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरले पाहिजे, न ओसरल्यास मात्रा कमी करावी. तिसऱ्या महिन्यात बाई सुनेच्या हाताशिवाय उठू लागल्या. गुडघा आजही पावसाळ्यात दुखतो. जानुबस्तीस त्या वर्षातून एकदा येतात.

आमवाताचा विचार वेगळा करावयास हवा. सामावस्थेत, सांधा उष्ण व सुजलेला असताना, स्नेहन नको तसेच जोराचा व्यायामही नको. वालुकास्वेद, लंघन, आणि दिवसातून एक-दोनदा प्रत्येक सांधा वेदनेच्या आत हलविणे इतकेच. अशा रुग्णाचे मेथोट्रेक्सेट आपल्या भरवशावर बंद करण्याचे धाडस कोणीही करू नये. एकच सांधा अचानक लाल होऊन ताप आला, तर तो रुग्ण बस्तीचा नव्हे, रुग्णालयाचा.

औषधविक्रेते बंधूंसही एक विनंती. तेलाची बाटली व नी-कॅप घेणारे गिऱ्हाईक पुष्कळदा वैद्याकडे न जाता थेट आपल्याकडे येते. दिवसभर नी-कॅप घालून बसून राहू नका, एवढे त्यास सांगावे. आणि बिनलेबलची 'सांधेदुखीची पुडी' दुकानात ठेवू नये. तिच्यात स्टेरॉइड असण्याचा धोका असतो, आणि चेहरा सुजलेला रुग्ण शेवटी आयुर्वेदालाच दोष देतो.

रुग्ण दुसऱ्याकडे पाठविला तर तो परत येणार नाही, ही भीती आम्हासही होती. प्रत्यक्षात त्या भगिनीकडून आता स्नेहन-स्वेदनासाठी रुग्ण आमच्याकडे येतात. केवळ "व्यायाम द्यावा" अशी चिठ्ठी मात्र उपयोगाची नाही. निदान, संधिगतवात की आमवात, कोणता गुडघा, मांडीचा घेर, मधुमेह, रक्तदाब व चालू औषधे, आणि रुग्णास काय करता येत नाही (जिना, शौचास बसणे, मांडी घालणे) हे त्यात स्पष्ट लिहावे. ज्यांच्या गावी भौतिकोपचारतज्ज्ञ नाहीत त्यांनी किमान एक टेप आणि एक हातविरहित खुर्ची चिकित्सालयात ठेवावी, व पहिल्या दिवशी आणि सहा आठवड्यांनी मोजमाप नोंदवावे.