एका कानाचा निकाल



बोर्डाची परीक्षा जवळ आली की आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या शाळांत दहावीच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा होते. होते म्हणायचं, एवढंच! मी स्वतः इंग्रजी शिकवते, म्हणून कबुलीपासूनच सुरुवात करते. एका वर्षी साठ मुलींचे गुण मी तासाभरात भरले. एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. 20 पैकी 18, 19, 18...

मुलींचं भलंच केलं, असं वाटत होतं. शंभरात 35 हवेत. तोंडीचे 19 हाती असले की लेखीत 16 पुरतात. 2018-19 मध्ये बोर्डाने भाषांचे हे 20 गुण काढले आणि दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, पण ओरड झाली ती या गुणांची. पुढच्याच वर्षी ते परत आले. मुलीचं बोलणं खरोखर कोणी ऐकतं का, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागेच राहिला.

नंतर एकदा ठरवलं, प्रत्येकीचं ऐकायचं. मी आणि एक सहकारी सर बसलो, कागद वेगवेगळे. देवरीकडची एक मुलगी आली. घरी गोंडी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. मोहफुलं कशी वेचतात, कशी वाळवतात, हे तिने अडखळत का होईना, पण पूर्ण सांगितलं. मी 17 दिले, सरांनी 11. "उच्चार बघा ना, बाई!" सर म्हणाले.

मुलगी तीच, वाक्यं तीच. मग हे सहा गुण कोणाचे? ते आम्हा दोघांच्या कानांचे होते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या झाडीपट्टीच्या मुलीला मराठीच्या तासालाही हेच सोसावं लागतं. 1992 साली अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी विद्यार्थ्यांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. काहींना गोरा चेहरा दाखवला, काहींना आशियाई. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना तेच व्याख्यान कमी समजलं! आपला कान आधी चेहरा, जात, गाव पाहतो आणि मग ऐकतो.

आमच्या मुली आता नर्सिंग करून परदेशी जायचं म्हणतात. ‘आयईएलटीएस’मध्येही समोर एकच परीक्षक असतो, 11 ते 14 मिनिटं. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी ही परीक्षा दिली तर बोलण्यात 7 लागतात. साडेसहा सहसा पुरत नाहीत. तिथेही कान माणसाचाच. पण निदान निकष छापलेले असतात, उच्चार हा चारांतला एकच असतो, बोलणं ध्वनिमुद्रित होतं, फेरतपासणी मागता येते. ‘ओईटी’त तर ते ध्वनिमुद्रण एकाहून अधिक परीक्षक तपासतात. आमच्या शाळेतल्या मुलीला यातलं काय मिळतं?

न ऐकता दिलेले 19 हे दान आहे. एकाच कानाने दिलेले 11 हा अन्याय आहे. दोन्हींत तिचं बोलणं वाऱ्यावरच जातं.

म्हणून पालकसभेत उठून मागा: निकष आधी फळ्यावर लिहा. दोन शिक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत. मोबाईलवर ध्वनिमुद्रण ठेवा. गुणांत तफावत पडली तर तिसऱ्याने ऐकावं. याला पैसा लागत नाही, फक्त वेळ लागतो. आणि आमच्या मुलींसाठी वेळ नाही, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी ते भर सभेत उभं राहून म्हणावं!