स्वराचा उदय आणि अस्त

हल्लीं नाशकांत एखादा तरुण सोल्डरिंगचें साहित्य मांडून आपल्या सिंथेसायझरसाठीं एन्व्हलप जनरेटर बांधावयास बसला, कीं त्याला दोन बाजूंनीं उपदेश होतो. व्यवहारी म्हणतात, "विकत मिळतो, फोनमध्यें तर फुकट मिळतो, मग ही हमाली कशाला?" संगीताचे अभिमानी म्हणतात, "हें परकें खूळ. आपल्या संगीताशीं याचा संबंध काय?" आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकले आहेत.

अभिमान्यांनीं क्षणभर नाशिक ढोलाच्या पथकापुढें उभें राहावें. ताशावर काडी पडतांच नाद शिखरास पोंचतो आणि तत्काळ विरतो. ढोलाचा ठोका त्यामागें घुमत राहतो. उलट मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी नीट लागली असली, म्हणजे तार छेडल्यावर नाद फुलत जातो; घोडीवर तारेखालीं सरकविलेला सुताचा दोरा ती किमया करितो. नादाचा हा उदय, भर आणि अस्त ठरविणें हेंच एन्व्हलप जनरेटरचें काम. अटॅक म्हणजे चढ, डिके म्हणजे उतार, सस्टेन म्हणजे स्थैर्य आणि रिलीज म्हणजे लय, असे त्याचे चार भाग. रॉबर्ट मूग यांच्या यंत्रांसाठीं संगीतकार व्लादिमीर उसाचेव्स्की यांनीं १९६५ सालीं या योजनेस आकार दिला, हें खरें. परंतु मूळ प्रश्न आमच्या तंबोरे करणारांच्या हातांना फार आधींपासून ठाऊक होता. मग परकें तें काय उरलें?

आतां व्यवहारी पक्ष. रेझिस्टरमधून कपॅसिटर भरूं लागला कीं विजेचा दाब चढतो, रिकामा होऊं लागला कीं उतरतो. एक लाख ओहम आणि एक मायक्रोफॅरड घेतले, तर दशांश सेकंदांत तो सुमारें ६३ टक्के भरतो. रेझिस्टर दसपट केला, कीं वेळही दसपट. भरण्याची आणि रितें होण्याची वाट निराळी ठेवण्यासाठीं डायोड लावितात. आम्हीं हें सर्किट प्रथम बांधलें तेव्हां पट्टी सोडली तरी स्वर मरेना. मागें बारीक गुणगुण उरे. दोन रात्री शोध केल्यावर उमगलें, कीं डायोड सुमारें अर्धा व्होल्ट अडवून धरितो, म्हणून कपॅसिटर शून्यावर पोंचतच नाहीं. विकतच्या यंत्रांत हा दोष दुसऱ्या कोणीं तरी आधींच निस्तरलेला असतो. पण स्वरानें कसें मरावें हा निर्णयही बव्हंशीं त्यानेंच घेतलेला असतो. तो निर्णय आम्हांस आपल्या हातीं हवा आहे.

कोणी म्हणेल, ट्रान्झिस्टर तरी तुम्ही घरीं कोठें करितां? करीत नाहीं. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनींही कॅमेरा विलायतेहूनच आणिला. पण कच्च्या फिल्मला भोंकें मुंबईच्या घरांत पाडिलीं, त्या कामीं सरस्वतीबाई राबल्या, आणि १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर ते नाशकास येऊन येथें चित्रपट काढूं लागले. विकत घेणें निराळें, शरण जाणें निराळें.

तेव्हां त्या तरुणाला उपदेश पुरे. त्यानें घडविलेला स्वर एकदां तंबोऱ्याच्या शेजारीं बसून ऐकावा, आणि मग बोलावें.