कायद्याची पेटी पोडावर पाहिजे



मागल्या पावसाळ्यात आम्ही तिघं जण शहरातल्या एका लॉ कॉलेजच्या लायब्ररीत गेलो होतो. दारावरच्या बाबूने कार्ड मागितलं. आमच्याजवळ कार्ड कुठलं? ओळखीचा एक विद्यार्थी आत गेला, आम्ही बाहेर बाकावर बसलो. काचेतून कपाटं दिसत होती. खालपासून वरपर्यंत एकाच रंगाची जाड जाड पुस्तकं. तासाभराने तो पोरगा झेरॉक्स घेऊन आला आणि आम्ही वाचायला लागलो, तेव्हा कळलं की त्या कपाटात तर आपणच बसलो आहोत.

पहिला निकाल डिसेंबर १९८४ चा, आपल्याच महाराष्ट्राचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीच्या हातून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत देण्याचा कायदा आपल्या राज्याने केला. जमीन घेणारे लोक त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. कोर्टाने कायदा कायम ठेवला. दुसरा १९९७ चा, आंध्रातल्या समता संस्थेचा. अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीन खाजगी कंपनीला खाणीसाठी देता येत नाही, असं त्यात सांगितलं. तिसरा २०१३ चा, ओडिशाच्या नियमगिरी डोंगराचा. कोर्ट म्हणालं, ग्रामसभेला विचारा. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही 'नाही' म्हणाल्या.

आपल्या केळापूर तालुक्यातली कितीतरी गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. म्हणजे हे निकाल थेट आपल्या वावराच्या धुऱ्यापर्यंत येतात. पण पोडावर कोणाला माहीत आहेत? लढतो आपण, कागद जातो शहराच्या कपाटात, आणि तिथून तो परत पोडावर येत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की तो परत आला पाहिजे.

आम्ही त्या लायब्ररीपर्यंत गेलो कसे, तेही सांगतो. आमच्या एका पोडावरचे काका जबरानजोतीचं वावर वाहतात. बापाच्या वेळेपासून वाहतात. दावा टाकला, वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात एका ऑफिसात चौकशीला गेले तर उभ्या उभ्या सांगितलं, "तुमचा दावा बाद झाला. सॅटेलाईटच्या फोटोत वावर दिसत नाही." कागद नाही, सही नाही. काका घरी आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तेव्हा आमच्याजवळ एक बारीक पुस्तक होतं, वनहक्क कायदा आणि नियमांचं. ते रात्री कंदिलासमोर उघडलं. २०१२ ला सुधारलेल्या नियमात लिहिलेलं आहे की दावा नाकारला तर कारणं सविस्तर लिहावी लागतात. निर्णय दावेदाराला स्वतःला कळवावा लागतो, आणि कळवल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. सॅटेलाईटचा फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालतो, त्याच्या जागी चालत नाही. आणि नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. वाचून झालं तेव्हा काकू म्हणाल्या, "मंग आमची बुढी काहून नाही चालत? तिनं तर हे वावर फोडताना पाह्यलं हाय."

चालते! बुढीचा जबाब लिहून घेतला, आणखी दोघांचा घेतला. निर्णय कळवलाच नाही तर ६० दिवस मोजायचे कुठून, हाही मुद्दा अर्जात टाकला. पोच घेतली. निकाल अजून यायचा आहे. पण काका आता ऑफिसात जाऊन हात जोडून उभे राहात नाहीत. पुस्तक काढतात.

ते पुस्तक आलं कुठून? त्याच्या आदल्या कार्तिकात एका लॉ कॉलेजचं शिबिर पोडावर आलं होतं. कापूस वेचणीचे दिवस. माणसं, बाया, पोरं सारी वावरात. पोडावर म्हातारे आणि लेकरं. बॅनर बांधला, फोटो काढले, ग्राहकाच्या हक्कावर भाषण झालं. पुस्तकी मराठीतलं भाषण कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना काय कळणार? दुपारी गाडी निघाली. पण त्यातली एक विद्यार्थिनी मागे थांबून बुढीजवळ बसली होती. बुढीने विचारलं, "बाई, जंगलाचा कायदा कोन्या कागदावर हाय?" तिने झोळीतून आपलं पुस्तक काढलं आणि तिथंच ठेवून दिलं. सगळ्या शिबिरातून पोडाला मिळालं ते एवढंच. पण तेच कामाला आलं.

म्हणून आम्हाला वाटतं की दर पोडावर, दर गावात एक कायद्याची पेटी पाहिजे. पत्र्याची, म्हणजे वाळवी लागणार नाही. तिच्यात वनहक्क कायदा २००६ आणि सुधारलेले नियम, मराठीत. पेसा कायदा १९९६ आणि आपल्या राज्याचे २०१४ चे नियम. आदिवासीची जमीन विकत घ्यायला आडकाठी घालणारं जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ. वर सांगितलेले तीन निकाल, दोन-दोन पानांत सोप्या भाषेत. आणि सर्वात मोलाचं, आपल्या ग्रामसभेचे ठराव, प्रत्येक दाव्याची प्रत आणि पोच. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, तर किल्ली त्यांच्यातल्याच एकीजवळ द्या. महिन्यातून एक रात्र पेटी उघडायची, एकाने मराठीत वाचायचं, दुसऱ्याने गोंडीत, कोलामीत सांगायचं.

कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये सगळं आहे. आहे, पण पोडावर रेंज कुठे आहे? आणि मोबाईल एकाच्या खिशात राहतो, कागद दहा हातांतून फिरतो. कोणी म्हणेल, कायदा वाचून काय होते, मोर्चा काढा. मोर्चा तर काढूच. पण नियमगिरीच्या लोकांनी डोंगरही सोडला नाही आणि ग्रामसभेचा ठरावही लिहिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात अभ्यास गट बसतात. आधी समजून घेतात, मग ग्रामसभेत ठरवतात. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हातात आलं.

लॉ कॉलेजच्या पोरापोरींना आमचं सांगणं आहे. तुम्ही या, जरूर या. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे कॉलेजात कायदा मदत केंद्र ठेवावंच लागतं, तेव्हा हे काही उपकार नाहीत. फक्त तारीख ग्रामसभेला विचारून ठरवा. वेचणीत येऊ नका, तेंदूपत्त्याच्या दिवसांत येऊ नका. भाषण कमी करा, एकेका घराचा कागद पाहा, अर्ज लिहून द्या, पोच घ्यायला सोबत चला. आदिवासीला वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती ते विचारायचं नाही, हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे. तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते. ते दार आम्हाला दाखवा. जाताना पुस्तक ठेवून जा, आणि पुढच्या वर्षी परत या.

आणि आपल्या पोरांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. बारावी झाली की पाच वर्षांचा लॉ करता येतो. आमच्या संघटनेच्या गावांतून अजून कोणी काळा कोट घातलेला नाही. आश्रमशाळेतून बारावी काढलेली पोरं-पोरी घरी बसली आहेत, कोणी हैदराबादच्या रस्त्याला मजुरीला लागली आहेत. एखादी तरी पोर त्या काचेच्या आत कार्ड दाखवून गेली पाहिजे. तिच्या फीसाठी गावाने वर्गणी केली तरी चालेल, मोर्चाला करतोच ना आपण!

तोवर पेटी तर आणू. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, ठराव लिहा, त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा आणि एक पेटीत ठेवा.

जय सेवा! जल, जंगल, जमीन आपली!