तपासणी कुणाची, साक्ष कुणाची?



गावाचा पहिला नकाशा धर्मग्रंथांनी काढला. चांडाळानं गावाबाहेर राहावं, हा मनूचा हुकूम. वास्तुशास्त्रवाल्यांनी पुढं जमिनीचे रंगही वाटून टाकले. बामणाला पांढरी, शूद्राला काळी. दगड फोडले वडारांनी, भिंती रचल्या बेलदारांनी, पण आखणीची दोरी त्यांच्या हाती कधी आली नाही.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच साली दिल्लीत आर्किटेक्ट कायदा झाला आणि त्यातून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर जन्मली. शिक्षणाचे किमान दंडक ठरवायचे, पदव्यांचा दर्जा बघायचा, आर्किटेक्टांची नोंद ठेवायची, हे तिचं काम.

त्या कायद्याचं कलम ३ काढा नि वाचा. आर्किटेक्टांच्या संस्थेनं निवडलेले ५. कॉलेजांच्या प्रमुखांनी आपसांत निवडलेले ५. इंजिनियरांच्या संस्थेचे २. सर्व्हेअरांचाही १. रेल्वे आहे, संरक्षण खातं आहे, एकेक राज्य आहे. विद्यार्थी? एकही नाही!

कलम १९ तपासणीचं. इन्स्पेक्टर येणार, मास्तर, सामान, जागा, शिक्षण पुरेसं आहे का ते बघणार. अहवालाची प्रत कॉलेजला जाणार, कॉलेजचं म्हणणं सरकारला जाणार. विद्यार्थ्याचं म्हणणं मागवा, असं तिथं एका ओळीनं लिहिलेलं नाही. म्हणजे ज्याची झडती, साक्षही त्याचीच!

इन्स्पेक्टर टेबलं मोजील. पण ज्युरीत आडनाव ऐकून बदललेला आवाज तो कशात मोजणार? सेशनलचे मार्क मास्तरच्या मुठीत. शीट, रंग, मॉडेलचं सामान. बिगारी बापाची मजुरी त्यातच संपते. हे त्या पोरालाच ठाऊक. २००७ साली थोरात समितीनं दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना नीट विचारलं, तेव्हा तोंडी परीक्षेतला भेदभाव कागदावर आला. विचारलं म्हणून आला.

पोरांना काय कळतं, म्हणतात. हाच सवाल आमच्या बापजाद्यांना मतदानाच्या वेळी केला होता. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढं बाबासाहेबांनी ठणकावून मांडलं, की नुसत्या मतांचं प्रतिनिधित्व पुरत नाही, माणसांचं हवं. आमच्या वतीनं दुसरा कुणी कळवळला, तरी आमची खुर्ची रिकामीच राहते.

अमेरिकेत आर्किटेक्चर कॉलेजांना मान्यता देणाऱ्या मंडळावर विद्यार्थी संघटनेचे प्रतिनिधी बसतात. अमेरिका काही स्वर्ग नव्हे. तिथंही १९७१ साली १२ काळ्या आर्किटेक्टांना आपली वेगळी संघटना काढावी लागली. म्हणून नुसती विद्यार्थ्याची खुर्ची मागून भागत नाही. तिच्यावर उद्या साहेबाचंच पोर बसेल.

आपली मागणी सरळ आहे. कलम ३ बदला, कौन्सिलवर विद्यार्थ्यांनी निवडलेले प्रतिनिधी घ्या, त्यांत दलित-आदिवासींच्या जागा राखीव ठेवा. प्रत्येक तपासणीत दुसऱ्या कॉलेजातला एक विद्यार्थी बसवा, म्हणजे मार्कांची भीती नको. मास्तरांना बाहेर काढून पोरांशी बोला. अहवाल नोटीस बोर्डावर लावा.

आणि कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसू नका. किती आले, किती गळाले, कुणाला कितीदा नापास केलं, स्कॉलरशिप कधी मिळाली, सगळं लिहून काढा. नावं झाका, आकडे उघडे ठेवा. इन्स्पेक्टर येईल त्या सकाळी तो कागद त्याच्या हातात द्या आणि पोच मागा.

जय भीम!