आजचे पान

नवापूरला मी चार डिसेंबर काढले. नोकरीचे गाव, बदलीचे गाव. त्यात कौतुकाने सांगावे असे काही नाही. पण त्या चार डिसेंबरांची एक खूण अजून कानात आहे. पहाटे पाचच्या सुमारास शेजारच्या भिंतीपलीकडून कागद टर्रकन फाटल्याचा आवाज यायचा. मग थोडी शांतता. मग एक वयस्क, किंचित घोगरा बायकी आवाज चारदोन ओळी सावकाश वाचायचा. पुन्हा शांतता, आणि मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. माझे घड्याळ बंद पडले तरी चालत असे.

शेजारी एक निवृत्त नर्स राहायच्या. साऱ्या आळीच्या त्या सिस्टरबाई. त्यांच्या घरी भिंतीवर एक रोज पान फाडायचे कॅलेंडर होते. पुठ्ठ्यावर ३६५ पानांचा गठ्ठा, प्रत्येक पानावर तारीख आणि खाली शास्त्रातले एक वचन. पहाटे उठायचे, कालचे पान फाडायचे, आजचे वाचायचे, दोन मिनिटे डोळे मिटायचे आणि चहा टाकायचा. यात एक नियम होता. उद्याचे पान उचलून पाहायचे नाही. एकदा मी सहज, चाळा म्हणून, बोटाने पुढचे पान वर केले, तर त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली. ‘‘दादा, उद्याचा डोस आज घेत नसतात.’’

तेव्हा मी हसलो होतो.

डिसेंबरात नंदुरबार जिल्हा पाहिला नसेल त्याने एकदा पाहावा. नंदुरबार शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या असतात, नजर पोचेल तिथवर लाल. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. सातपुड्यात थंडी अशी की माणसे शेकोटीला पाठ आणि पोट आळीपाळीने देतात. आणि याच दिवसांत नवापूर तालुक्यातल्या कित्येक घरांना कुलूप असते. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी आणि पोरे घेऊन त्यात चढतात आणि बारडोलीकडे ऊस तोडायला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या या ऊसतोडीवर पुष्कळ लिहून ठेवले आहे; त्यातले मजूर बहुतांशी आपल्या खानदेशातले. आपल्याकडे त्यावर फार थोड्यांनी लिहिले, ही गोष्ट वेगळी.

पुण्यामुंबईच्या वाचकाला नाताळ म्हटले की केक, लाल टोपीचा म्हातारा आणि दुकानातली सवलत आठवते. जरा विचारी वाचक असला तर धर्मांतराचा वाद आठवतो. दोन्हींच्या मधे नाताळ नावाची जी साधी गोष्ट आहे ती आपल्याला ठाऊकच नसते. नवापूर, चिंचपाडा या भागातले मावची, गावित, वसावे ख्रिस्ती झाले त्याला आता पिढ्या लोटल्या. फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश माणसाने १८९० मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढले. त्या मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात आले. बर्फातून आले ते सरळ मे महिन्याच्या खानदेशात, म्हणजे काय झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढे चिंचपाड्याला त्यांचे इस्पितळ झाले. इथल्या नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळी असा दिवाळीचाच फराळ असतो, ढोल असतो, मावची बोलीतली गाणी असतात, आणि चर्चला बरीच जुनी माणसे अजून ‘देऊळ’च म्हणतात. घरावर कागदाची चांदणी लागते.

पण मला सांगायचे आहे ते सणाबद्दल नाही. सणाच्या दिवशी कोणालाही धीर असतो. प्रश्न उरलेल्या दिवसांचा असतो.

माझी आजी रोज हरिपाठ म्हणायची. ताप असला तरी, घरात मयत झाली तरी. तिला अर्थ विचारला तर ती म्हणायची, ‘‘अर्थ असेल की तिथेच कुठेतरी.’’ सिस्टरबाईंचे कॅलेंडर पाहिले आणि मला ती आठवली. सबंध ग्रंथ एका दमात पेलणारे फार थोडे. बाकीच्यांना रोजचा एक घास लागतो. ख्रिस्ती जगात या घासाची मोठी परंपरा आहे. जर्मनीतल्या हर्नहूट गावी मोरावियन पंथाच्या लोकांना काउंट झिंझेनडोर्फ याने १७२८ मध्ये दिवसासाठी एक वचन देण्याची प्रथा सुरू केली. १७३१ पासून वर्षभराच्या वचनांचे पुस्तक छापले जाऊ लागले, ते आजतागायत दरवर्षी निघते. गंमत अशी की नाताळातली ती कागदी चांदणीही याच पंथाची. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नीस्की येथील शाळेत भूमिती शिकवण्यासाठी ती प्रथम तयार झाली म्हणतात. भूमितीचा एवढा गोड उपयोग आमच्या मास्तरांना कधी सुचला नाही.

याच वचनांचे पुस्तक डीट्रिख बॉनहोफर हा धर्मपंडित हिटलरच्या तुरुंगात रोज उघडत असे. १९४३ चा नाताळ त्याने बर्लिनच्या टेगेल तुरुंगात काढला आणि एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी झाली. त्या नाताळापूर्वी त्याने आईवडिलांना लिहिलेल्या पत्राचा आशय असा, की धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून देव गोठ्यात जन्मला ही गोष्ट तुरुंगातल्या माणसाला इतरांपेक्षा अधिक कळते. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बर्लिन आले नाही, बारडोली आली. लूकच्या शुभवर्तमानातली कथा तरी काय आहे? सरकारने शिरगणतीचा हुकूम काढला, म्हणून दिवस भरलेल्या बाईला घेऊन एक सुतार परगावी निघाला आणि गुरांच्या जागेत ती बाळंत झाली. उसाच्या फडाजवळ, पडावावरच्या कोपीत बाळंत झालेल्या बाया नवापूर तालुक्यात गावोगाव भेटतात. त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. समजावून सांगावी लागते ती आपल्याला.

ही कथा त्यांच्यापर्यंत पोचली ती भाषेमुळे, हेही सांगितले पाहिजे. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध बायबल मराठीत आणले. हेतू एवढाच, की साध्या बायाबापड्यांना ते कळावे. संस्कृतप्रचुर मराठी त्यांच्या गळी उतरत नव्हती. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. ना. वा. टिळकांनी भजन आणि कीर्तन चर्चमध्ये नेले. आणि लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त जे लिहिले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ही बाई उन्मळून पडली. पुढे काही वर्षांनी ती स्वतः त्या वाटेने गेली. पण कुठे वीज कडाडली, आकाशवाणी झाली, असे काही नाही. सोवळेओवळे एकेक करून सुटत गेले. श्रद्धा ही बहुतेक अशी सुट्या पैशांतच येते.

आणि जातेही तशीच. सिस्टरबाईंचा थोरला मुलगा गुजरातेत एका कारखान्यात होता. अपघातात गेला. मी तिथे जाण्याआधीची ही गोष्ट, डिसेंबरातलीच. त्यांनी ती मला सांगितली तेव्हा आमची ओळख दोन वर्षांची झाली होती. मी विचारले, तेव्हा या पानांनी धीर दिला का? मला वाटले होते, त्या हो म्हणतील. अशा वेळी हो म्हणायचीच रीत आहे. त्या म्हणाल्या, ‘‘नाही. दोन वर्षं वाचत होते, आत काहीच जात नव्हतं. त्या नाताळात देवळात सगळे गात होते अन् मला वाटे, उठावं अन् दार आपटून निघून जावं.’’

‘‘मग वाचणं सोडलं का नाही?’’

‘‘पेशंटला गुण येत नाही म्हणून नर्सनं ड्यूटी सोडायची का, दादा?’’

मग त्या चुलीवर काय ठेवले आहे ते बघायला उठून गेल्या. तिसऱ्या वर्षी काय झाले, गुण आला का, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. एवढे खरे, की पहाटे पाचला दारावर थाप पडली आणि कोणाच्या सुनेचे पोट दुखायला लागल्याचा निरोप आला, की त्या हातातला कप खाली ठेवून निघत. पण पान फाडून आणि वाचून मगच.

धर्म ही अफू आहे, असे म्हणणाऱ्यांतला मीही एक होतो, आणि अजून पुरता सुटलेलो नाही. ज्याची उचल फिटत नाही, ज्याच्या बायकोचे नाव हजेरीवर नाही, त्याला पहाटे एक वचन देऊन गप्प बसवले जाते का, हा प्रश्न रास्तच आहे. काही ठिकाणी बसवलेही जात असेल. ‘सोसा, वर फळ मिळेल’ असे सांगणारे उपदेशक सगळ्याच धर्मांत मुबलक आहेत. पण याच मुलखाचा दुसरा अनुभवही आहे. १९७०च्या दशकात शहाद्याला भिलांच्या जमिनींसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिलेले अंबरसिंग महाराज भजन करणारे होते. भजनाने त्यांना झोप लागली नाही. तेव्हा अफू कोणती आणि भाकरी कोणती, हे लांबून ओळखता येत नाही. खाल्लेल्या माणसाचे पुढे काय होते ते पाहावे लागते.

फेब्रुवारी २००६ मध्ये मी ते थोडेसे पाहिले. देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला. पांढरे झगे घातलेली माणसे आली, लाखो पक्षी मारून पुरले गेले. ज्यांच्या मोठ्या पोल्ट्री होत्या त्यांचे नाव पेपरात आले. परसातल्या पाच कोंबड्यांवर ज्यांचे मीठमिरची चालत होते त्यांचे कुठे येणार? त्या आठवड्यात सिस्टरबाईंच्या ओसरीवर रोज संध्याकाळी आळीतल्या बाया जमत. प्रार्थना दहा मिनिटे होई आणि नंतर तासभर, कोणाच्या किती कोंबड्या गेल्या, भरपाईच्या यादीत कोणाचे नाव राहिले, अर्ज कोण लिहिणार, याची चर्चा. अर्ज बहुतेक मलाच लिहावे लागले. ख्रिस्ती नसलेल्याही चारपाच बाया येत. त्यांना प्रार्थनेचे वावडे नव्हते, अर्जाची निकड होती.

ख्रिस्ती मंडळी जी मुख्य प्रार्थना म्हणतात तिच्यात मागणी फक्त आजच्या भाकरीची आहे. उद्याच्या नाही, महिन्याच्या नाही. पगारदार माणसाला त्यातला हा ‘आज’ दिसत नाही, कारण त्याचा पगार एक तारखेला ठरलेला. हातावर पोट असलेल्याला तोच शब्द आधी दिसतो.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याच्या पहिल्याच नाताळात शेजारच्या डांग जिल्ह्यात चर्चवर आणि ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले. जानेवारीत पंतप्रधान वाजपेयी तिथे येऊन गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असे म्हणाले. चर्चा अजून चालू आहे. त्या आठवड्यात नवापूरला घरात काय चालले होते ते सिस्टरबाईंनी सांगितले. चांदणी लावायची की नाही यावर दोन मते पडली. धाकट्या मुलाने ती उतरवून पलंगाखाली सरकवली. संध्याकाळी समोरच्या गुजराती किराणावाल्याने दुकानातूनच विचारले, ‘‘बेन, आ वरसे तारो नथी?’’ त्याचा सूर चौकशीचा होता की टोचण्याचा, ते त्यांना आजवर कळलेले नाही. पण विचारल्यावर न लावणे बरे दिसेना, म्हणून लावली. शौर्याची कथा म्हणून त्यांनी हे सांगितले नाही. भीती वाटली होती हे मात्र दोनदा सांगितले.

आता दिवस पालटले आहेत. वचन मोबाइलवर येते. पहाटे चारपासून येऊ लागते, फुलांच्या चित्रासकट, आणि सकाळी उठेपर्यंत पंधरावीस जमतात. हरिपाठाचे, गीतेचे, कुराणाचे, सगळ्यांचेच तसे. आपण ते न वाचता पुढच्याला ढकलतो. धीराचा एवढा पुरवठा पूर्वी कधी नव्हता, आणि इतका वायाही कधी गेला नसेल. ज्या पानाला फाडावे लागत नाही त्याचे काय करायचे, हे अजून आपल्याला उमगलेले नाही.

माझ्या शेवटच्या डिसेंबरातले, म्हणजे २००६ सालातले एक चित्र सांगतो. चोवीस तारखेच्या रात्री पडावावरून एक जोडपे दोन दिवसांसाठी गावी आले होते. दोन्ही दिवसांचे पैसे मुकादम कापणार होता. सिस्टरबाईंच्या नात्यातली पोरगी, सातवी शिकलेली, कडेवर चार महिन्यांचे मूल. सव्वीसला पहाटे ती निरोप घ्यायला आली तेव्हा मी ओसरीवरच होतो. सिस्टरबाईंनी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. मग भिंतीपाशी गेल्या, त्या दिवसाचे पान मोठ्याने वाचले आणि त्याच्या खालची, उरलेली पाच पाने एकदम उपसून काढली. वरचे कोणते, खालचे कोणते, याकडे पाहिलेही नाही. चौघडी करून ती पोरीच्या हातात दिली. ‘‘रोज एकच,’’ म्हणाल्या.

एकतीस तारखेपर्यंत त्या भिंतीवर नुसता पुठ्ठा होता. पहाटे कागदाचा आवाज आला नाही. मला दोनदा ऑफिसला उशीर झाला.