घाट हलवू नका, धूर थांबवा

स्मशानघाटाशेजारी राहणाऱ्या माणसाची तक्रार खरी आहे. त्यावर तो सुचवतो तो उपाय मात्र चुकीचा आहे. या आठवड्यात मला एवढेच सांगायचे आहे.

आधी तक्रार. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओले असते. सरण पेट घेत नाही, मग त्यावर डिझेल ओतावे लागते आणि निघालेला काळा धूर दमट हवेत वर न चढता शेजारच्या गल्लीत उतरतो. डिसेंबर-जानेवारीत आणखी वाईट. दिवस मावळला की थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो, त्याच्यावर उबदार हवेचे झाकण पडते आणि सहा वाजता पेटवलेल्या सरणाचा धूर रात्रभर तिथेच घुटमळतो. गच्चीवरच्या कपड्यांवर राख बसते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर खिडक्या बंद, आणि तीच स्थिती मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत. हे सगळे सोसणाऱ्याला ‘घाट दिसतो म्हणून इमारतीचा भाव पडेल या भीतीने बोलतोय’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. भावाची चिंता काहींना असेलही. पण फुप्फुसाची चिंता सगळ्यांना आहे.

तरीही ‘घाट वस्तीतून बाहेर न्या’ ही मागणी मला मान्य नाही.

नागपूरच्या घाटांची यादी डोळ्यांसमोर आणा: मानेवाडा, नारा, मानकापूर, पारडी, दिघोरी. ही एकेकाळची गावे आहेत. गावाचे स्मशान गावठाणाबाहेर, नाल्याच्या किंवा नदीच्या काठाला असायचे. पाणी हाताशी हवे आणि वारा गावावरून जाऊ नये, हा साधा हिशेब. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम २२ हीच पद्धत कायद्यात नोंदवते: चराई, गावठाण, खळे, बाजार यांच्यासोबत दहन-दफनाची जागाही गावासाठी राखून ठेवता येते. म्हणजे स्मशान ही गावाच्या नियोजनातली पहिल्या फळीतली जागा होती. खुद्द शहरातले मोक्षधाम आणि गंगाबाई घाटही वस्ती विरळ असताना नाग नदीच्या आधाराने उभे राहिलेले.

मग वस्ती आली. ती कशी आली हे नागपूरकराला सांगायला नको. शेती विकत घेऊन सोसायट्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या, अकृषक परवानगी नसताना प्लॉट विकले, आणि लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून तिथे घरे बांधली. पुढे अशा अनधिकृत लेआउटचे ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे या शहरात नियमितीकरणाचे दुसरे नाव झाले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्याला आधार दिला. डिमांड नोट भरा, आर.एल. म्हणजे नियमित झाल्याचे पत्र घ्या, घर कायदेशीर. सामान्य माणसाला छप्पर टिकवून देणारा हा निर्णय होता आणि त्याच्या विरोधात मी नाही. पण नियमित झाले ते प्लॉट. रस्त्याची रुंदी, मैदान, सार्वजनिक उपयोगाची (पी.यू.) जागा आणि घाटाभोवतीची मोकळी जागा हे त्या रेघांमध्ये कधी नव्हतेच, किंवा होते ते विकले गेले. घाटाच्या भिंतीला लागून स्वयंपाकघराची खिडकी आली ती अशी. घाट सरकला नाही, मधले अंतर विकले गेले.

नगररचनेत घाटाचा प्रश्न निघाला की एकाच बाजूने विचारला जातो: निवासी विभागात स्मशान चालेल का? ब्रिटनचा १९०२ चा दहन कायदा याचा नमुना. रहिवासी घरापासून २०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे १८३ मीटरच्या आत, घरमालकाच्या आणि राहणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय दाहगृह बांधता येणार नाही, असे तो सांगतो. नियम चांगला आहे, पण तो नव्या दाहगृहाला आवरतो. उद्या कोणी त्याच दाहगृहाशेजारी घर बांधायला निघाला तर त्याला आवरत नाही. आपल्याला नियम दोन्ही बाजूंनी बांधणारा हवा. घाट वस्तीपासून अमुक अंतरावर असावा, हे ठरवले की त्याच ओळीत लिहिले पाहिजे की त्या अंतराच्या आत निवासी लेआउट मंजूर होणार नाही आणि नियमितही होणार नाही. त्या पट्ट्यात झाडे लावा, वाहनतळ करा, रोपवाटिका करा, लाकडाचे गोदाम ठेवा. झोपायच्या खोल्या तिथे नकोत.

‘मग जे आधीच राहतात त्यांचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर धुराकडे आहे. त्याकडे येतोच. आधी ‘बाहेर’ म्हणजे काय ते पाहू.

बाहेर नेण्याची कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत इंग्रज सरकारने गिरगावाजवळच्या सोनापूरची स्मशानभूमी आरोग्याचे कारण देऊन शिवडीकडे नेण्याचा घाट घातला होता. जगन्नाथ शंकरशेट त्याविरुद्ध उभे राहिले. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वरातल्या माणसाने खांद्यावर तिरडी घेऊन शिवडीपर्यंत जायचे कसे, हा प्रश्न सरकारच्या आरोग्याच्या प्रश्नाइतकाच खरा होता. स्मशान हलले नाही. आज ते चंदनवाडी या नावाने तिथेच आहे, चहूबाजूंनी दाट वस्तीत. दादरला शिवाजी पार्कची स्मशानभूमी चैत्यभूमीच्या शेजारी आहे आणि तो परिसर मुंबईतल्या सर्वात महागड्या निवासी भागांपैकी एक आहे. नागपुरात अंबाझरी घाटही पश्चिमेच्या सुखवस्तू वस्त्यांपासून लांब नाही. घाटामुळे वस्ती उजाड होते, या समजुतीला आपल्याच शहरांचा अनुभव दुजोरा देत नाही.

आजचा नागपूरकर तिरडी खांद्यावर घेऊन पाच मैल चालत नाही, त्याच्यासाठी शववाहिनी आहे, असे कोणी म्हणेल. शववाहिनीत मृतदेह जातो आणि चारपाच माणसे बसतात. बाकीची चाळीस-पन्नास माणसे रिक्षा करतात, कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसतात किंवा येतच नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाचा अर्धा दिवस गेला तर तो येतो. पूर्ण दिवस जाणार असेल तर त्याला विचार करावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राख सावडायला पुन्हा तेवढेच अंतर. अलीकडे घरातल्या बायकाही घाटावर येऊ लागल्या आहेत. ही मला या शहरातली फार चांगली गोष्ट वाटते आणि घाट जवळ आहेत हे त्याचे एक कारण आहे. आणि तान्ह्या मुलांना आपल्याकडे दहन नाही, दफन करतात. पोटचे मूल पुरलेली जागा वीस किलोमीटरवर नेऊन ठेवायची का, हे त्या आईला विचारून ठरवावे.

‘बाहेर’ कोणाची तरी वस्ती असतेच, हा मुद्दा या चर्चेत नेहमी गळतो. नागपूर महानगर प्रदेशात शहराभोवतीची ७१९ गावे येतात. त्यातल्या कोणत्या गावाच्या शिवारात शहराचा धूर न्यायचा? तिथल्या माणसाला फुप्फुसे नाहीत का? शिवाय गावांमध्ये अजूनही समाजासमाजाची स्मशाने वेगळी आहेत आणि कोणाचे सरण कुठे रचायचे यावरून भांडणे होतात. शहराच्या घाटावर ओटा रिकामा आहे का एवढेच पाहिले जाते. शहराने आपल्या माणसांना दिलेल्या मोजक्या समतेपैकी ही एक आहे. ती गावाच्या वेशीवर नेऊन टाकू नये.

न्यायालयासमोरही हा वाद आला आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत वांद्र्याच्या कब्रस्तानात करोनाने गेलेल्यांचे दफन करायला आजूबाजूच्या काही रहिवाशांनी विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळताना सन्मानाने अंत्यविधी होणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीच्या धुराची तक्रार मात्र राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि तीही दखल घेण्याजोगीच होती. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की फरक दिसतो: शेजाऱ्याला मृतदेह नाकारण्याचा अधिकार नाही, धूर नाकारण्याचा आहे.

तर आता धूर. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. राज्याचा करोनापूर्व मृत्युदर हजारी साधारण साडेपाच. तेवढाच धरला तरी शहरात दिवसाला पस्तीसएक मृत्यू होतात. छिंदवाडा, बालाघाट, गोंदियाहून इथल्या दवाखान्यांत येऊन दगावणारे वेगळेच. एका सरणाला किमान तीनशे किलो लाकूड लागते. दफन होणारे वगळले तरी नऊ-दहा टन लाकूड या शहरात दररोज उघड्यावर जळू शकते. एप्रिल २०२१ मध्ये जिल्ह्यातल्या करोनामृत्यूंचा अधिकृत रोजचा आकडा शंभरावर गेला होता. तेव्हा घाटांच्या शेजारी काय झाले असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

गॅसची किंवा विजेची दाहिनी हे सरळ उत्तर वाटते आणि ती प्रत्येक मोठ्या घाटावर चालू स्थितीत असलीच पाहिजे. धूर पुन्हा जाळणारा दुसरा कक्ष आणि उंच धुराडे तिच्यासोबत हवे. नाहीतर धूर फक्त जागा बदलतो. पण ही दाहिनी हाताशी असली तरी बहुतेक कुटुंबे लाकडाच्या ओट्याकडेच वळतात. मुखाग्नी, कपाळक्रिया, सरणाभोवतीच्या फेऱ्या, आपल्या हाताने वेचलेल्या अस्थी हे सगळे त्यांना हवे असते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये लाकडी दहनाला पर्याय द्या असे सरकारांना सांगितले. पण दुःखातल्या माणसाला त्या तासाला शिकवता येत नाही.

इथे नागपूरने स्वतःच एक वाट काढून दाखवली आहे. विजय लिमये यांच्या इको फ्रेंडली लिव्हिंग फाउंडेशनने तुराटी, पऱ्हाटी, सोयाबीनचे कुटार असा शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या विटकांवर, म्हणजे मोक्षकाष्ठावर, दहन करायला इथल्या घाटांवर सुरुवात केली. सरण तसेच रचले जाते, विधी तसेच होतात. विटका कोरड्या असतात, म्हणून पावसाळ्यातही पेटतात. झाड तोडावे लागत नाही, आणि शेतकरी जे बांधावर जाळून टाकतो त्याला भाव येतो. धूर शून्य होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तो ओल्या बाभळीच्या तुलनेत कमी असतो.  महापालिकेने मोफत देताना लाकूड न देता मोक्षकाष्ठच द्यावे, आणि ओट्यांवर धूर खेचणारे छत व धुराडे बसवावे. हे काम घाट हलवण्याच्या खर्चाच्या कितीतरी आत होईल.

आणि घाट हलवला तरी ज्याचा धूर टळत नाही असा एक माणूस आहे: घाटावरचा कामगार. सरण रचणारा, रात्री बांबूने निखारे सारखे करणारा, सकाळी ओटा धुणारा. शेजाऱ्याला जो धूर भिंतीपलीकडून लागतो तो त्याला दिवसभर अंगावर लागतो. शेजाऱ्यांच्या निवेदनांत तो नसतो. धूर कमी करण्याच्या बाजूने माझ्याकडे दुसरे एकही कारण नसते तरी हे एक पुरेसे होते.

राहिली नवी वस्ती. बेसा, बेलतरोडी, पिपळा, वाठोडा या दिशांना दहा-दहा मजली योजना उभ्या राहत आहेत. तिथला माणूस मेल्यावर कुठे जाणार? गावाच्या छोट्या घाटावर, जिथे त्याला कोणी ओळखत नाही, नाहीतर पुन्हा शहरात मानेवाडा किंवा मोक्षधामला, जिथली रांग आणि धूर आणखी वाढणार. महापालिका कायद्यानुसार मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा राखणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. पण जागा राखायची असेल तर ती घरांच्या आधी राखावी लागते. आराखड्यात आरक्षण टाकले आणि दहा वर्षे जमीन ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार जमीनमालक नोटीस देतो आणि मुदतीत संपादन झाले नाही की आरक्षण व्यपगत होते. शाळेच्या किंवा बागेच्या आरक्षणासाठी निदान कोणी नगरसेवक भांडतो. घाटाच्या आरक्षणासाठी कोणी भांडत नाही, म्हणून ते सर्वांत आधी जाते.

शहराचा विकास आराखडा २००० सालचा आहे आणि कायद्यानुसार वीस वर्षांत तो सुधारायला हवा होता. सुधारित आराखड्याचे प्रारूप हरकती-सूचनांसाठी लागेल तेव्हा आपल्या प्लॉटवरून रस्ता जातो का, हे सगळेच पाहतील. त्याच नकाशात आपल्या भागातला घाट शोधा. त्याभोवती मोकळा पट्टा दाखवला आहे का, नव्या वस्तीला चार-पाच किलोमीटरच्या आत घाट आहे का, लहान मुलांच्या दफनासाठी जागा धरली आहे का, ते पाहा. नसेल तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. घाटाला लागून राहणाऱ्यांनी तर नक्की द्या, पण ‘घाट हलवा’ असे लिहू नका. मोक्षकाष्ठ, छत आणि धुराडे कोणत्या महिन्यापर्यंत बसवणार, ती तारीख मागा.